माझ्या नंबरावर पळालेली बाई

“नंबर दुसऱ्या कुणाला देऊ नका हं. आणि मागची बाजू नीट भरा,” टेबलामागचे मास्तर म्हणाले. वसाहतीच्या हाफ मॅरेथॉनचे, छातीवर लावायचे कागदी नंबर वाटायला ते बसले होते. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली असावीत, पण समोर येणाऱ्या प्रत्येकाला ते हे वाक्य त्याच चालीत, पाढ्यासारखं म्हणून दाखवत होते.

“हो हो,” मी म्हणाले. माझं लक्ष बाळाच्या पायाकडे होतं. एक मोजा रांगेत कुठेतरी पडला होता.

“हो हो करून जाऊ नका, ताई. मागच्या वर्षी एकानं मेहुण्याचा नंबर लावला. वयोगटात पहिला आला. बक्षीस मेहुण्याच्या नावावर, फोटो मेहुण्याच्या नावावर. अजून बोलत नाहीत एकमेकांशी.”

रांगेतले सगळे हसले. मीही हसले. फार तर फार असंच काहीतरी होऊ शकतं, असं डोक्यात बसलं आणि मी मोजा शोधायला मागे वळले.

मी काळजी करणारी बाई आहे. घरात सगळे त्यावरून चेष्टा करतात. बाळाला कधी पाजलं, कुठल्या बाजूला, किती वेळ, हे मी फोनमध्ये लिहून ठेवते. दाराची कडी दोनदा बघते. त्यामुळे नंबराची मागची बाजू मी त्या संध्याकाळीच भरली. माझं नाव, रक्तगट, कुठलं औषध चालत नाही, काही झालं तर कुणाला फोन करायचा. तिथे नवऱ्याचा नंबर घातला. मग घामानं शाई फुटेल म्हणून सगळ्या मजकुरावर रुंद पारदर्शक चिकटपट्टी लावली आणि कोपरे नखानं घासून बसवले. नवरा म्हणाला, “बुडाली तरी चालेल, एवढं पक्कं केलंस.”

पण मी पळणार नव्हतेच. ते तेव्हाही मला आतून माहीत होतं. नाव नोंदवलं तेव्हा बाळ तीन महिन्यांचं होतं आणि मला वाटत होतं, आपण पुन्हा पहिल्यासारख्या होऊ. नंतर दात आले, ताप आला, रात्री जागण्यात गेल्या. चार किलोमीटरच्या पुढे मी एकदाही गेले नाही.

शर्यतीच्या तीन दिवस आधी सुईताई आल्या. आमच्या वसाहतीत घरोघरी जाऊन रक्त घेणाऱ्या त्या. त्यांचं खरं नाव कुणी घेत नसे. मला दिवस होते तेव्हापासून माझं रक्त त्याच घेत आल्या, आणि आता माझं हिमोग्लोबिन पुन्हा बघायचं होतं. बावन्न वर्षांच्या, काटकुळ्या, केस कापलेले, हातात निळा डबा. त्यांना बघून बाळानं भोकाड पसरलं.

“रड बाबा, रड,” त्या म्हणाल्या. “मला बघून हसणारं एकच माणूस आहे घरी. तेही ऐकू येत नाही म्हणून हसतं.”

ते माणूस म्हणजे त्यांचे वडील. आयुष्यभर बस चालवलेले. दोघंच राहायचे.

ताईंची एक पद्धत होती. दंडाला पट्टा बांधायच्या आधी त्या ट्यूब हातात घ्यायच्या, तिच्यावर नाव लिहायच्या आणि ते आपल्याला वाचून दाखवायला लावायच्या. दीड वर्षात मला त्यांनी दहा वेळा तरी टोचलं असेल. दहाही वेळा मी माझंच नाव मोठ्यानं वाचलं.

“आता तरी ओळखता ना मला?” मी म्हणाले.

“तुला ओळखते गं. ट्यूब ओळखत नाही. तिकडे सगळ्यांचं रक्त लालच दिसतं. वाच.”

मी वाचलं. मग सुई गेली. कळलंही नाही.

टेबलावर नंबर पडला होता. एकवीसशे चौदा. ताईंनी तो बघितला आणि कापसाचा बोळा माझ्या हातावर दाबता दाबता त्यांचा हात क्षणभर सैल पडला.

“तू पळणार?”

“कसली पळतेय! आणून ठेवलाय नुसता. तुम्ही नाही घेतला?”

“गेले होते. नोंदणी संपली म्हणाले. सकाळी घरं, दुपारी लॅब, संध्याकाळी बाबा, गेले तेव्हा दार बंद.” त्या हसल्या. “आयुष्यभर पळतेच आहे गं मी. नऊच्या आत ट्यूबा पोचायला हव्यात म्हणून जिने पळते, रस्ते पळते. पण हातात डबा. एकदा रिकाम्या हातानं पळून बघायचं होतं.”

मी उठले आणि नंबर त्यांच्या हातात दिला. विचार असा केलाच नाही. चांगलं वाटलं, एवढं आठवतं.

त्यांनी तो उलटा केला. “मागं सगळं तुझंच लिहिलंय की.”

“राहू दे हो ताई. ती पट्टी आता निघायची नाही. काढायला गेलात तर कागद फाटेल.”

त्यांनी कोपऱ्याला नख लावून बघितलं. कोपरा हलला नाही.

“वरून एक चिठ्ठी चिकटवते मग.”

“आणि घामानं पडली म्हणजे? अडीच तासांचं तर काम आहे, ताई.”

“तेही खरंच,” त्या म्हणाल्या. नंबर निळ्या डब्यात माझ्या ट्यूबेशेजारी ठेवला आणि जिना उतरून गेल्या. रिपोर्ट दुसऱ्या दिवशी आला. माझं हिमोग्लोबिन बरं होतं.

शर्यतीच्या दिवशी मी बाळाला पोटाशी बांधून मैदानावर गेले. नवरा रात्रपाळी करून आला होता आणि फोन गप्प करून झोपला होता. ताईंना निदान शेवटच्या रेषेवर टाळ्या वाजवायला कुणीतरी असावं, असं मला वाटलं. त्यांचे बाबा तिथे नसणार होते. ते अठराव्या किलोमीटरच्या वळणावर घडीचं स्टूल आणि मीठ-साखरेच्या पाण्याची बाटली घेऊन बसणार होते. ते बापलेकीचं आधीच ठरलं होतं. “बाबांनी वेळापत्रक काढलंय,” ताई सुटायच्या आधी माझ्या कानात म्हणाल्या. “आठ सतराला मी वळणावर. एक मिनिट उशीर झाला तर बोलणी बसतील.”

त्यांनी टोपी घातली होती. छातीवर माझा नंबर, चारही कोपऱ्यांना टाचण्या. हात सारखे कुठे ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं. डबा नव्हता ना.

सहा वाजता सगळे सुटले.

नंबरात चिप असते. रस्त्यावर अंथरलेल्या पट्ट्यावरून पाय गेला की ज्याच्या नावावर नंबर, त्याच्या फोनवर संदेश येतो. त्यामुळे ताई पळत होत्या आणि अभिनंदन माझं होत होतं. सहा सदतीसला पाच किलोमीटर. सात तेराला दहा. सात एकावन्नला पंधरा. मी तेव्हा मंडपामागे बाळाला पाजत होते. एका हातानं फोन धरून मी संदेश वाचला. अभिनंदन, तुम्ही उत्तम पळत आहात.

पुढचा संदेश थेट शेवटच्या रेषेचा असणार होता. साडेआठच्या सुमारास यायला हवा होता. मी रेषेजवळ जाऊन उभी राहिले. लाल तोंडाची माणसं येत होती, कुणी रडत होतं, कुणी मुलाला खांद्यावर घेऊन रेषा ओलांडत होतं. आठ छत्तीसला भोंगा खरखरला.

“नंबर एकवीसशे चौदा. नंबर एकवीसशे चौदा यांना बरं वाटत नसल्यानं दवाखान्यात नेण्यात आलं आहे. त्यांचे कुणी नातेवाईक मैदानावर असतील तर त्यांनी मंडपात यावं.” आणि मग माझं नाव. पूर्ण नाव, नवऱ्याच्या नावासकट.

आवाज मास्तरांचा होता.

मी तिथेच उभी होते. माझ्या शेजारची बाई म्हणाली, “अगंबाई, कोण बिचारी!” मी म्हणाले, “हो ना.”

हे मी म्हणाले. हो ना.

कळलं तेव्हा काय वाटलं, असं नंतर पुष्कळ जणांनी विचारलं. खरं सांगायचं तर काहीच वाटलं नाही. हातापायांना मुंग्या येतात तशा डोक्याला आल्या होत्या. चक्कर आली असेल, असा एक विचार होता. आपण नंबर दिला हे आता सगळ्यांसमोर सांगावं लागणार, हा दुसरा. आपल्या नावावर काहीतरी होणार, नवरा काय म्हणेल, पोलीस विचारतील का, हे त्याच्या मागोमाग. माझं नाव दुसऱ्यांदा पुकारलं. बाळ चुळबुळलं. मी मंडपामागे गेले, खुर्ची ओढली आणि बाळाला पाजायला बसले.

माझ्या फोनमध्ये ते लिहिलेलं आहे. डावी बाजू, आठ अडतीस ते आठ अठ्ठावन्न. त्याच्या वरची ओळ, उजवी बाजू, सात चाळीस ते आठ. बाळाला भूक नव्हती. ते तोंडात धरून नुसतं झोपलं होतं.

आठ अठ्ठावन्नला मी उठले आणि मंडपात गेले.

“मास्तर, एकवीसशे चौदा मी आहे.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग बाळाकडे, मग माझ्या छातीकडे, जिथे नंबर नव्हता. मला वाटलं, आता ते रागावतील. त्यांनी माईक बंद केला आणि विचारलं, “मग ती कोण?”

“आमच्याकडे रक्त घ्यायला येतात त्या ताई.”

“तिचं कोण आहे?”

“वडील. वळणावर बसलेत. त्यांना ऐकू येत नाही.”

“चला,” मास्तर म्हणाले.

त्यांच्या गाडीतून आम्ही उलट्या दिशेनं गेलो. रस्ता बंद होता, स्वयंसेवक अडवत होते आणि मास्तर प्रत्येकाला खिडकीतून “अरे मी, मी” म्हणत होते. दवाखान्याला त्यांनी फोन लावला. पलीकडचा म्हणाला, जिवंत आहेत, पण लवकर या. घरचा नंबर उचलत नाहीये कुणी. तो घरचा नंबर माझ्या नवऱ्याचा होता.

वळणावर ते बसले होते. ताठ, पांढरा शर्ट, खिशाला पेन. मांडीवर बाटली. रस्त्याच्या कडेचे प्लॅस्टिकचे शंकू एक मुलगी गोळा करत होती आणि ते तिला हातानं खूण करून सांगत होते, हा एक राहू दे.

“बाबा,” मी म्हणाले.

त्यांनी वर बघितलं. “मागं किती जण आहेत अजून?”

“बाबा, चला आमच्याबरोबर.”

“उशीर झाला आज तिला. पन्नास मिनिटं. शेवटी चढ आहे, तिथं अडकली असेल. होतं असं.” ते पुन्हा रस्त्याकडे बघायला लागले.

“बाबा, ताई इकडून येणार नाहीत.”

“काय?”

“ताई येणार नाहीत!”

“मी उठलो आणि ती आली म्हणजे? शोधत बसेल ना. तुम्ही व्हा पुढे.”

मास्तरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनी तो नम्रपणे बाजूला केला. मग मला त्यांच्या कानाशी वाकून ओरडून सांगावं लागलं. भर रस्त्यात. ताईंना दवाखान्यात नेलंय. बरं नाहीये त्यांना. दोनदा ओरडले. शंकू गोळा करणारी मुलगी थांबून बघत राहिली. बाळ दचकून रडायला लागलं.

त्यांनी बाटली खाली ठेवली. स्टुलाची घडी केली. घडी बसेना, म्हणून उघडून पुन्हा केली. मग गाडीत बसले आणि म्हणाले, “डावीकडून घ्या. उजवीकडे फाटक लागतं.”

आम्ही नऊ एकतीसला पोचलो. ताई नऊ एकोणीसला गेल्या होत्या.

डॉक्टर तरुण होते. हृदय, म्हणाले. आतून कधीचं थकलेलं असेल, कळत नाही. कागदावरच्या चुकीमुळे उपचारांत काही फरक पडला नाही, तसं मनात आणू नका. हे त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. चांगल्या मनानं सांगितलं.

बाबा आत होते. मी बाहेर बाकावर. तिथली सिस्टर माझ्याशेजारी येऊन बसली. माझ्याच वयाची असेल.

“तुम्हीच का त्या?” ती म्हणाली. “मी त्यांना तुमच्या नावानं हाका मारत होते. डोळे उघडा म्हणत होते. त्या मान हलवायच्या. ‘मी ती नाही’ म्हणायच्या.”

मी बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

“असं बोलतात पेशंट कधीकधी. ऑक्सिजन कमी पडला की. मी कागदावर तसंच लिहिलं, पेशंट गोंधळलेल्या आहेत म्हणून.” ती आपल्या हातांकडे बघत होती. “त्या गोंधळलेल्या नव्हत्या ना?”

“नाही.”

“बाबा वळणावर आहेत, म्हणत होत्या. तीनदा म्हणाल्या. आम्हाला वाटलं, असंच.”

नंतर कारकून कागद घेऊन आला. त्यावर माझं नाव होतं. त्याला ते खोडून दुसरं लिहायचं होतं. बाबांनी ताईंचं नाव सांगितलं. बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात, सावकाश, आधी तिचं, मग स्वतःचं, मग आडनाव. कारकुनानं लिहिलं आणि कागद त्यांच्याकडे फिरवला. त्यांनी खिशातलं पेन काढून प्रत्येक अक्षराखालून नेलं, मग सही केली. दीड वर्ष त्या बाईनं मला माझं नाव वाचायला लावलं होतं. तिचं पूर्ण नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

सही झाल्यावर ते माझ्याजवळ आले. मी उठून उभी राहिले. मी म्हणाले, “बाबा, नंबर माझा होता. मी दिला होता त्यांना.” मोठ्यानं म्हणाले, त्यांना ऐकू जाईल असं.

“माहीत आहे. सांगितलं होतं तिनं. खूश होती.” मग त्यांनी विचारलं, “तुम्हाला कधी कळलं?”

मास्तर तिथेच होते. आपण पुकारा कधी केला, हे त्यांना माहीत होतं. ते खिडकीबाहेर बघत होते.

“नऊला,” मी म्हणाले. “कळलं तशी लगेच निघाले.”

त्यांनी मान हलवली. दोन-तीनदा हलवली. मग बाळाच्या पाठीवर हात ठेवला. “लेकराला घेऊन धावलात. कोण करतं एवढं!”

मास्तर काहीच बोलले नाहीत. घरी सोडतानाही नाहीत. मी गाडीतून उतरले तेव्हा एवढंच म्हणाले, “बाळाचं डोकं सांभाळा, दार लहान आहे.”

घरी नवरा दारात उभा होता. फोन हातात. त्यावर न उचललेले नऊ फोन होते, आणि एक संदेश, की तुमची पत्नी अत्यवस्थ आहे. त्यानं मला बघितलं आणि दाराची चौकट धरली. “तू आहेस,” तो म्हणाला. पुन्हा म्हणाला, “तू आहेस.” मला जवळ घेऊन तो रडला. मी त्याच्या खांद्यावरून स्वयंपाकघरातला नळ बघत होते. तो नीट बंद झालेला नव्हता. त्याला मी सगळं सांगितलं, फक्त डावी बाजू सोडून. ती ओळ त्यानं वाचलेली नाही. मी पुसलेलीही नाही.

दोन दिवसांनी निकाल लागला. एकवीसशे चौदा, माझं नाव, पाच, दहा आणि पंधरा किलोमीटरच्या वेळा, पुढे रिकामं. मी पत्र लिहून नाव बदलायला सांगितलं. यंत्रात तसं करता येत नाही, असं उत्तर आलं. मग मास्तरांनी छापील यादीत माझं नाव शाईनं खोडून ताईंचं लिहिलं आणि ती यादी वसाहतीच्या मंडळाच्या फळ्यावर लावली. तेवढं त्यांनी केलं.

बाबांकडे मी तीनदा गेले. पहिल्यांदा लोक बसले होते. त्यांनी मला आपल्याजवळची खुर्ची दिली आणि सगळ्यांना सांगितलं, ह्या त्या. कळल्याबरोबर कडेवर पोर घेऊन धावत आल्या. लोकांनी माझ्याकडे आदरानं बघितलं. दुसऱ्यांदा शेजारीण होती, तिलाही तेच सांगितलं. तिसऱ्यांदा कुणी नव्हतं, तर मलाच सांगायला लागले. “शेवटी तिच्यासाठी कुणीतरी धावलं, हे बरं वाटतं मला. त्यावर झोप लागते.” मी खरं सांगायला गेले होते. तोंड उघडलंही होतं. त्यावर झोप लागते, म्हणाले. मी चहाचे कप विसळून ठेवले आणि निघून आले.

सांगितलं तर त्यांच्याकडे आहे तेवढंही जाईल. नाही सांगितलं तर मला त्यांच्यासमोर बसवत नाही. चौथ्यांदा मी निम्म्या जिन्यातून परत फिरले. त्यानंतर दोन महिने गेले.

ताई त्यांचा रक्तदाब रोज सकाळी बघायच्या आणि गोळ्या एका वाटीत काढून ठेवायच्या. ते आता कोण बघतं, मला माहीत नाही. शेजारीण मुलाकडे गेलीय, असं कानावर आलंय. मास्तरांना विचारायची हिंमत होत नाही.

म्हणून हे लिहिते आहे. पाण्याच्या टाकीसमोर पिवळी इमारत आहे. दुसरा मजला, डावीकडचं दार. घंटी वाजवू नका, ऐकू येत नाही. दार नुसतं लोटलेलं असतं, ढकला आणि त्यांना दिसाल असे उभे राहा, म्हणजे ते दचकणार नाहीत. गोळ्यांची वाटी खिडकीत आहे. ती रिकामी आहे की भरलेली, ते बघा. तुम्ही कोण म्हणून ते विचारणार नाहीत, आधी बसा म्हणतील. मग सांगतील की एक बाई कळल्याबरोबर लेकराला घेऊन धावत आली होती. सांगू द्या. मध्ये काही बोलू नका. त्यांचं बोलून झालं की जेवलात का, असं कानाशी जाऊन विचारा. हो म्हणतील. तरी एकदा आत जाऊन बघून या.